कोंबडीच्या पायाखालची गादी



कोंबडीच्या तळव्यांवर एक संपूर्ण भाषण द्यावयाचे म्हटले, तर पुष्कळांना प्रथम हसू येईल. कोंबडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तिचे मांस येते, अंडे येते; पाय सहसा कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाहीत. बाजारात दुकानदार ते पहिल्याच घावाला तोडून बाजूच्या टोपलीत टाकतो, आणि गिऱ्हाइकाची नजर त्या वेळी तराजूवर खिळलेली असते. तथापि ज्या जिवाला जन्मापासून विक्रीपर्यंत सहा आठवडे एकाच जमिनीवर उभे राहावे लागते, आणि तीही स्वतःच्याच विष्ठेने रोज थोडी थोडी भरत जाणारी जमीन, त्याच्या तळव्यांची अवस्था काय होत असेल हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेळगाव आणि खानापूरच्या बाजूला आज अनेक कुटुंबांचा संसार मांसल कोंबड्यांच्या शेडवर चालतो, आणि येथील पुष्कळ कोंबड्या घाट उतरून गोव्याच्या बाजारात जातात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

मांसल कोंबडी, जिला शेतकरी सरसकट ब्रॉयलर म्हणतात, ती अंगणात उकिरडा उकरणाऱ्या गावठी कोंबडीहून मुख्यतः वाढीच्या वेगाने निराळी आहे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात या संबंधात एक बोलका प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. १९५७ आणि १९७८ या सालांतील कोंबड्यांचे वंश तेथे जसेच्या तसे जतन करून ठेवले होते. त्यांच्या जोडीला २००५ सालच्या वंशाची पिल्ले घेऊन, तिघांनाही एकाच प्रकारचे खाद्य घालून वाढवण्यात आले. छप्पन्नाव्या दिवशी १९५७ च्या वंशाची कोंबडी सरासरी ९०५ ग्रॅम भरली, १९७८ ची १,८०८ ग्रॅम, आणि २००५ ची ४,२०२ ग्रॅम. अर्धशतकात वजन साडेचारपटीहून अधिक झाले. हे सारे वजन मात्र त्याच दोन पायांवर आणि पायाखालच्या त्याच चिमुकल्या गाद्यांवर आले. शिवाय जड झालेले पाखरू हिंडत नाही. गावठी कोंबडीचा पाय ओल्या जागी पडला, तरी दुसऱ्या क्षणी तो कोरड्या मातीवर असतो. ब्रॉयलर कोंबडी खाते, पिते आणि तेथेच बसते. जमीन ओली असेल, तर तिचा तळवा दिवसरात्र ओल्यातच राहतो.

आता हा तळवा कसा असतो, ते पाहू. कोंबडीच्या पायाच्या मध्यभागी, जेथून बोटे फुटतात तेथे, खालच्या अंगाला एक मऊ उशी असते. बोटांखालीही तशाच लहान उश्या असतात. त्यांवर बारीक दाण्यांसारख्या खवल्यांची कातडी असते. हे खवले आपल्या नखांच्या जातीच्याच द्रव्याचे बनलेले आहेत. पावसाळ्यात दिवसभर भाताच्या चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या बाईच्या पायांकडे पाहावे. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून भिजलेल्या कागदासारखी होते आणि थोड्याशा घर्षणाने सोलवटते. कोंबडीच्या तळव्याचेही नेमके तसेच होते. पाणी मुरून कातडी प्रथम फुगते व मऊ पडते. मग तिचा वरचा थर जाड होऊन तपकिरी दिसू लागतो, त्याला भेगा पडतात, आणि शेवटी आत जखम होते. या जखमेवर तूस, विष्ठा आणि लस यांची मिळून एक काळी खपली बसते. ती खपली पाहून पुष्कळांना केवळ घाण चिकटली आहे असेच वाटते. पशुवैद्यकात या विकाराला तळव्याचा त्वचादाह म्हणतात.

जखम झालेली कोंबडी लंगडतेच असे नाही, आणि हीच या रोगातील फसवी गोष्ट आहे. ती थोडे कमी चालते आणि खाद्याच्या भांड्यापाशी थोड्या कमी वेळा जाते. अधिक वेळ बसून राहिल्यामुळे तिच्या छातीची कातडी, आणि ज्याला आपण चुकीने गुडघा म्हणतो तो पायाचा मधला सांधा, त्याच ओल्या गादीला टेकून भाजल्यासारखा होतो. उघड्या जखमेतून जंतूंना आत वाट मिळते. शेतकऱ्याला दिसते ते इतकेच, की तुकडीचे वजन अपेक्षेइतके भरले नाही. कारण मात्र चार हजार जोड पायांखाली झाकलेले असते, आणि पाखराला उलटे करून पाहावयास कोणी गेलेले नसते.

मांसल कोंबड्यांतील या विकाराचे पद्धतशीर वर्णन १९८० च्या दशकात उत्तर आयर्लंडमधील पशुवैद्यांनी केले. त्याआधीच्या दशकात अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात याच प्रश्नाचा विचार वेगळ्या बाजूने चालू होता. पिल्लांच्या खाद्यात बायोटिन नावाचे जीवनसत्त्व कमी पडले, तर पायांची कातडी फाटते हे तोवर ठाऊक झाले होते. या जीवनसत्त्वाला एके काळी ‘एच’ हे अक्षर मिळाले, तेच मुळी जर्मन भाषेत कातडीला ‘हाउट’ म्हणतात म्हणून. साहजिकच पाय फुटले की बायोटिन द्यावे, असा विचार पुढे आला. परंतु प्रयोगांत असे दिसून आले, की गादी कोरडी असेल तेथे बायोटिनचा गुण येतो, आणि गादी ओली असेल तेथे ते कितीही दिले तरी तळवे वाचत नाहीत. पुढे २००७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी टर्कीच्या पिल्लांवर आणखी सरळ प्रयोग केला. त्यांनी स्वच्छ गादीवर, विष्ठेची भेसळ न करता, नुसते पाणी शिंपडून ती ओली ठेवली. तळवे तरीही फुटले. जर्मनीत हॅनोवर येथील पशुवैद्यक विद्यापीठात असे आढळले, की गादीतील ओलावा सुमारे ३५ टक्क्यांवर गेला आणि पाखरू दिवसातून आठच तास अशा गादीवर राहिले, तरी एवढे निमित्त पुरेसे होते.

म्हणजे दोष प्रथम पाण्याचा आहे. अमोनियाचा व जंतूंचा क्रम त्यानंतर येतो. खाद्याच्या दोषांपैकी बहुतेक दोष पाण्याच्याच वाटेने पायापर्यंत पोहोचतात. खाद्य आणि गादी या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. आज भांड्यात घातलेले खाद्य उद्या गादीत मिसळलेले असते.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. सहा आठवड्यांत एक कोंबडी सुमारे चार किलो खाद्य खाते. साध्या हवेत ती खाद्याच्या पावणेदोन पट पाणी पिते, म्हणजे सुमारे सात लिटर; उन्हाळ्यात याहून पुष्कळच अधिक. एक हजार कोंबड्यांचे सात हजार लिटर झाले. पाच हजार लिटरचा जो टँकर गावात येतो, तसे जवळजवळ दीड टँकर पाणी! यातील काही भाग कोंबडीच्या अंगात राहतो, काही श्वासावाटे जातो; उरलेले सारे विष्ठेतून गादीवर पडते. बंगल्याच्या दिवाणखान्याएवढ्या हजार चौरस फुटांच्या जागेत आपण सहा आठवडे हे पाणी ओतत असतो, आणि तरीही जमीन कोरडी राहावी अशी आपली अपेक्षा असते. ती पुरी होते याचे कारण गादी हे पाणी काही काळ धरून ठेवते आणि वारा ते हळूहळू उचलून नेतो. या देवघेवीत जरा कमीजास्त झाले, की ओल साचू लागते.

खाद्यात असे कमीजास्त कशाने होते? सर्वांत साधा गुन्हेगार मीठ. कोंबडीच्या एक किलो खाद्यात तीनचार ग्रॅम मीठ पुरते. त्याहून जास्त झाले की ती अधिक पाणी पिते आणि विष्ठा पातळ होते. आपल्या किनारपट्टीशी याचा जवळचा संबंध आहे. सुक्या मासळीची पूड हा प्रथिनांचा उत्तम साठा. परंतु ती खारवलेल्या मासळीची असेल, किंवा वजन वाढवण्यासाठी तिच्यात मीठ आणि वाळू मिसळलेली असेल, तर खाद्य बनवणाऱ्याच्या नकळत मिठाचे प्रमाण दुप्पट होऊन बसते. घरीच खाद्य मिसळणाऱ्या माणसाने मासळीची पूड घेताना तिची चव जिभेवर पाहण्यास लाजू नये. आणि शंका आली, तर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी.

सोयाबीनच्या पेंडीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मक्याच्या जोडीला सोयाबीनची पेंड हा आज ब्रॉयलरच्या खाद्याचा कणाच झाला आहे, आणि तिच्यावाचून चालणारही नाही. परंतु या पेंडीत पोटॅशियम सुमारे दोन टक्के असते, म्हणजे मक्याच्या पाचसहापट. आणि पोटॅशियमही मिठाप्रमाणेच पाणी ओढते. शिवाय हरभऱ्यासारख्या द्विदल धान्यांत ज्या शर्करेमुळे आपल्या पोटात वायू धरतो, तशाच शर्करा सोयाबीनमध्ये आहेत. कोंबडीला त्या पचवता येत नाहीत. त्या आतड्यात तशाच राहून विष्ठा चिकट करतात. अशी विष्ठा पायाला लेपासारखी चिकटते आणि तळव्याला सुकू देत नाही. युरोपात, जेथे खाद्यात गहू आणि बार्ली अधिक असतात, तेथे हा चिकटपणा त्या धान्यांतील डिंकासारख्या द्रव्यामुळे येतो. त्यावर तिकडे खाद्यात विकरे, म्हणजे हे द्रव्य तोडणारी पाचक द्रव्ये, मिसळण्याचा प्रघात पडला. स्वस्त मिळतो म्हणून मक्याऐवजी गहू वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट अशी, की मक्यातील बायोटिन कोंबडीला जवळजवळ सारे उपयोगी पडते, गव्हातील मात्र फारसे पडतच नाही.

प्रथिनांविषयी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे, की जितकी जास्त तितकी बरी. कोंबडीला लागतात त्याहून अधिक प्रथिने दिली, तर ती त्यांचे मांस करीत नाही. त्यांतील नत्र युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकते. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो हाच. हे काम करण्यासाठी तिला जास्त पाणी प्यावे लागते, आणि बाहेर पडलेल्या युरिक आम्लावर ओल्या, उबदार गादीतील जंतू तुटून पडून त्याचा अमोनिया करतात. म्हणजे एकाच चुकीने गादी ओलीही होते आणि जाळणारीही होते. खाद्यातील एकूण प्रथिने एका टक्क्याने उतरवून लायसीन, मेथिओनीन, थ्रिओनीन ही नेमकी लागणारी अमिनो आम्ले वेगळी घातली, तर बाहेर पडणारे नत्र सुमारे आठ ते दहा टक्क्यांनी घटते आणि वाढीला बाध येत नाही. ही किमया करणे खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्या हाती आहे, शेतकऱ्याच्या नव्हे. या हाताच्या प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने येणार आहे.

जस्ताचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण कातडीची नवी वाढ आणि जखमेचे भरून येणे या दोहोंना ते लागते. जस्त व बायोटिन पुरेसे असलेली कातडी ओलीशी अधिक काळ झुंजते, एवढे मात्र खरे. बाटलीतील औषध पाण्यात घालून ओल्या गादीचा प्रश्न सुटेल, असे जो विक्रेता सांगतो, त्याच्यापासून चार पावले दूर राहावे.

आता गादी. आपल्या भागात गादी म्हणजे भाताचे तूस. खानापूरकडे भाताच्या गिरण्या असल्यामुळे ते सहज मिळते. तुसाचा गुण असा, की ते फारसे पाणी पीत नाही, परंतु दाबून बसतही नाही; त्याच्या कणांमधून हवा खेळत राहते. लाकडाच्या रंध्याचा भुसा पाणी अधिक शोषतो. शेंगांची टरफले चालतात, पण ती साठवणीत भिजलेली असतील तर त्यांवरची बुरशी पिल्लांच्या फुप्फुसांत जाते. न कापलेला पेंढा सर्वांत वाईट. दोन आठवड्यांत त्याची चटई होते आणि पाणी वरच तरंगते. कोणतीही वस्तू घ्या, ती आणताना कोरडी असली पाहिजे, आणि थर दोनतीन इंचांचा असला पाहिजे. तुसाचे दर वाढले म्हणून एक इंचावर भागवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांची बचत तिसऱ्या आठवड्यात जमिनीच्या सिमेंटपर्यंत भिजून जाते.

ओलावा मोजण्यासाठी यंत्राची गरज नाही. गादीची मूठ भरून घट्ट दाबावी व सोडावी. तिचा गोळा तसाच राहिला, तर गादी ओली आहे. हात उघडताच सारे भुरभुरून गेले, तर फार कोरडी आहे आणि धूळ उडेल. किंचित चिकटून मग भेगा पडून सुटली, तर ठीक आहे. ही परीक्षा एकाच जागी न करता पाण्याच्या भांड्यांखाली, भिंतीच्या कडेला आणि मध्यभागी अशी निरनिराळ्या ठिकाणी करावी.

आपल्या पावसाळ्याचे संकट वेगळे आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवाच इतकी दमट असते, की तिला आणखी पाणी उचलण्यास जागा नसते. त्यातच पावसाचे सपकारे आत येऊ नयेत म्हणून शेतकरी चारी बाजूंचे पडदे खालपासून वरपर्यंत सोडून घट्ट बांधतो. त्याचा हेतू पिल्लांना जपण्याचा असतो. पण मघाशी सांगितलेले ते दीड टँकर पाणी बाहेर जाण्याचा एकमेव मार्ग त्याने स्वतःच्या हाताने बंद केलेला असतो. पहाटे आत शिरल्यावर डोळ्यांत जी चुरचुर होते, ती त्या कोंडलेल्या हवेची. रोज तेथे वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला तिची सवय होते, म्हणून कधीमधी एखाद्या पाहुण्याला आत नेऊन विचारावे. पडदा खालच्या बाजूने पक्का आणि वरच्या बाजूने उघडणारा असावा. म्हणजे पावसातही वर हातभर फट ठेवता येते आणि गरम, दमट हवा तेथून निघून जाते. छपराचा पाखा भिंतीबाहेर तीन ते पाच फूट आलेला असेल, तर पडद्यांवर इतकी भिस्त ठेवावी लागतच नाही. शेड बांधताना पत्र्याचे पैसे वाचवण्यासाठी पाखा आखूड केला, तर पुढे दर पावसाळ्यात त्याचे व्याज भरावे लागते.

गादी उकरण्याविषयी दोन शब्द. दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड ती हलक्या हाताने खालीवर करीत गेल्यास ओल वर येऊन सुकते. एकदा तिच्यावर खपली धरली, की मात्र ती फोडून पसरवणे म्हणजे ओल सगळीकडे वाटणे, आणि त्या वेळी अमोनियाचा एकच लोट उठतो. अशा ढेपा टोपलीत भरून बाहेर काढाव्यात व तेथे नवे कोरडे तूस घालावे. पुष्कळजण ओल्या जागी भरपूर चुना टाकतात. चुना ओल शोषतो हे खरे. परंतु अमोनिया हा क्षारधर्मी गादीतूनच अधिक सुटतो आणि चुना गादीला क्षारधर्मी करतो. शिवाय मऊ पडलेल्या तळव्याला जादा चुना पोळतो. चुन्याऐवजी सुपर फॉस्फेट थोड्या प्रमाणात मिसळण्याची शिफारस आपल्याकडील पुस्तकांत आढळते. ते आम्लधर्मी असल्यामुळे अमोनिया धरून ठेवते, आणि पुढे तेच खत शेताला लागू पडते.

आता हाताचा प्रश्न. खानापूर तालुक्यात माझा एक जुना विद्यार्थी चार हजार कोंबड्यांची शेड चालवतो. त्याची शेड करार पद्धतीची आहे, म्हणजे पिल्लू, खाद्य आणि औषध कंपनीचे. जागा, पाणी, वीज, मजुरी आणि तूस शेतकऱ्याचे. तुकडी उचलली की किलोमागे ठरलेला मेहनताना मिळतो, आणि खाद्य जास्त लागले अथवा मरतूक जास्त झाली तर त्यातून कपात होते. एका श्रावणात त्याची गादी दोन दिवसांत चिखल झाली. पर्यवेक्षकाने येऊन वहीत ‘गादीकडे दुर्लक्ष’ असा शेरा मारला. तो मला म्हणाला, “सर, पिल्लू त्यांचे, खाद्य त्यांचे, औषध त्यांचे, तूस तेवढे माझे. मग जखम माझीच कशी?”

त्याचा प्रश्न रास्त होता, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. गादी ज्याच्या घरची, तिच्या ओलीचा दोष त्याच्याच माथी मारणे सोपे असते. पण ती ओल भांड्यातूनही आलेली असू शकते. सुदैवाने ओल स्वतःच आपला पत्ता सांगते. मी त्याला वहीच्या पानावर शेडचा नकाशा काढावयास लावले, आणि ओल्या जागांवर पेन्सिलीने छाया भरावयास सांगितले. छाया पाण्याच्या भांड्यांखाली गोल गोल पडली, तर दोष भांड्यांचा: घंटेच्या आकाराची भांडी पाखराच्या पाठीच्या उंचीवर नाहीत, किंवा निपल गळत आहेत. छाया वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे बहुधा पश्चिमेच्या भिंतीशी, पट्ट्यासारखी पडली, तर दोष पाख्याचा आणि पडद्याचा. या दोन्ही बाबी शेतकऱ्याच्या. परंतु कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारे पान सारखेच काळे झाले, आणि तेही एका ठराविक दिवसापासून, तर कारण पाखरांच्या पोटात शोधावे लागते. तेथे पुन्हा दोन शक्यता. एक आजाराची, विशेषतः जिला पशुवैद्य कॉक्सिडिओसिस म्हणतात त्या रक्ती हगवणीची. तिच्यात मलूलपणा आणि विष्ठेत रक्त किंवा शेंबडासारखा अंश दिसतो. दुसरी शक्यता नव्या खाद्याची. पाखरे हुशार आहेत, खातात, पण विष्ठा पाण्यासारखी आहे आणि टाकीतील पाणी एकाएकी अधिक लागू लागले आहे, असे असेल, तर नवी पोती कोणत्या तारखेला उघडली ते पाहावे. हवा न तापता पाणी खाद्याच्या दुपटीवरून तिपटीवर गेले, तर तो आकडा पर्यवेक्षकापुढे ठेवण्याजोगा पुरावा आहे. त्याच गाडीतून ज्या शेजाऱ्याच्या घरी पोती उतरली, त्याचीही गादी त्याच दिवसांत भिजली असेल, तर बोलावयास फारसे काही उरत नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या पानावर छाया दोन ठिकाणी पडली होती: पश्चिमेला पट्टा त्याचा स्वतःचा, आणि उरलेले पान खाद्य बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचे. पट्टा त्याने पडदे उलटे बांधून दुरुस्त केला. उरलेल्याबद्दल शेजारच्या दोघांच्या वह्या जोडून त्याने लेखी तक्रार केली. पुढच्या खेपेला पोती बदलून आली. शेरा मात्र खोडला गेला नाही.

अन्य देशांत या प्रश्नाला बाजाराने आणि कायद्याने तोंड फोडले. चीनमध्ये कोंबडीचे पाय चवीने खाल्ले जातात, आणि अमेरिकेतून तेथे त्यांची मोठी निर्यात होते. २०१५ साली पक्ष्यांच्या तापाच्या साथीमुळे चीनने अमेरिकी कोंबडीवर घातलेली बंदी २०१९ च्या नोव्हेंबरात उठली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांना या पायांचा आनंद सर्वांत मोठा झाला. डाग पडलेला पाय त्या बाजारात चालत नाही. म्हणून अमेरिकेतील कारखानदार तळव्यांकडे पाहू लागले. स्वीडनने १९९४ पासूनच निराळी वाट धरली होती. तेथे कत्तलखान्यात प्रत्येक तुकडीचे शंभर पाय तपासून त्यांना तीन प्रतींत बसवतात, आणि ज्याच्या कोंबड्यांचे पाय वारंवार खराब निघतात त्याला शेडमधील दाटी कमी करावी लागते. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशाने दर चौरस मीटरला ३३ किलोंची मूळ मर्यादा घातली. त्यापुढे ३९ किलोंपर्यंत जावयाचे असल्यास हवेतील अमोनिया दशलक्षांत २० भागांच्या आत ठेवण्याची अट घातली. आपल्याकडे एका पाखराला एक चौरस फूट हा जो ठोकताळा आहे, तो उघड्या शेडसाठी वाईट नाही. परंतु पावसाळ्यात तोही सैल करावा, असे मला वाटते. शंभरात दहा पिल्ले कमी घातली, तर गादीवर पडणारे पाणीही तितकेच कमी होते.

स्वीडनची तपासणी आपल्याला कत्तलखान्याची वाट न पाहता घरीच करता येईल, आणि ती चौदाव्या दिवशी सुरू करावी. तळव्याला लागलेली ओल तेव्हाच आपले काम करू लागलेली असते, आणि पिल्ले कोरड्या गादीवर गेल्यास त्या वयातील जखमा भरूनही येतात. शेडच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून मिळून पन्नास पिल्ले घ्यावीत. तळवा ओल्या फडक्याने पुसून मगच पाहावा, कारण सुकलेल्या विष्ठेचा गोळा पुष्कळदा जखमेसारखा दिसतो आणि त्याच्याआड खरी जखम लपतेही. तळवा स्वच्छ असल्यास शून्य लिहावे, वरवरचा तपकिरी डाग असल्यास एक, खोल जखम वा काळी खपली असल्यास दोन. आकडे तारीखवार वहीत मांडावेत, आणि त्याच पानावर त्या दिवशी लागलेले पाणी व पोत्यांवरची तारीख टिपून ठेवावी. भर दुपारच्या उष्म्यात हे काम करू नये. घाबरून धावाधाव झाली तर जड पाखरे दगावतात. संध्याकाळी दिवे मंद केल्यावर ती खाली बसतात, तेव्हा एकेकाला दोन्ही हातांनी छातीखालून अलगद उचलावे.